संध्याकाळी वर केलेलं इंजिन सकाळी पाण्यात: टिल्टची गळती कशी शोधायची

पावसाळ्यानंतर बोटी परत पाण्यात पडल्या की गोव्यात मालीमपासून बेतुलपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते, बोटीच्या मागचं इंजिन संध्याकाळी पूर्ण वर करून ठेवलं होतं आणि सकाळी बघतो तर प्रोपेलर पाण्यात. मग एक जण सांगतो सील गेलं, दुसरा सांगतो पंप गेला, तिसरा म्हणतो अख्खं टिल्ट युनिटच, म्हणजे इंजिन वर-खाली करणारं यंत्रच, बदलून टाक, कटकट नको. सीझन तोंडावर असतो, टुरिस्ट यायला लागलेले असतात, म्हणून माणूस खरंच युनिट बदलतो आणि जुनं उघडूनही न बघता भंगारात जातं. मला हे बघवत नाही, कारण त्या जुन्या युनिटमध्ये बरेचदा एखादी चपटी झालेली ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं, किंवा व्हॉल्वखाली अडकलेला रेतीचा कण एवढंच निघतं. त्यामुळे पैसे काढण्याआधी तेल नक्की कुठून कुठे जातंय ते शोधा, आणि ते शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. छोट्या ९.९ एचपीच्या ओबीएमला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला, बहुतेक वेळा हातानेच उचलायची सोय असते, त्यात हायड्रॉलिक काही नसतं, तो विषय इथे नाही. मोठ्या इंजिनाला, म्हणजे डॉल्फिन ट्रिपच्या किंवा पॅरासेलिंगच्या बोटींवर असतात तसल्या, इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या मध्ये एक छोटी १२ व्होल्टची मोटर, तिला जोडलेला पंप, तेलाची छोटी टाकी आणि सिलिंडर असा सगळा संसार एकत्र बसवलेला असतो. बटण वर दाबलं की मोटर एका दिशेने फिरते आणि पंप सिलिंडरच्या खालच्या खोलीत तेल ढकलतो, खाली दाबलं की मोटर उलटी फिरते आणि तेल वरच्या खोलीत जातं. बटण सोडलं की मोटर थांबते, पण इंजिन तिथेच राहतं, कारण छोटे एकतर्फी व्हॉल्व, म्हणजे चेक व्हॉल्व, तेलाला मागे फिरू देत नाहीत. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोचं ११५ एचपीचं इंजिन हवेत धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे कोंडलेलं तेल, बाकी काही नाही. तेलाला कुठेही वाट मिळाली की इंजिन हलणारच.

काही इंजिनांत एकच सिलिंडर सगळं काम करतो, काहींत मध्ये एक लांब टिल्ट सिलिंडर आणि बाजूला दोन आखूड ट्रिम रॉड, म्हणजे चालू बोटीत इंजिनाचा कोन थोडा बदलणारे, असतात. पहिल्या साधारण २० अंशांपर्यंत ट्रिम रॉड जोर लावतात, तेव्हा बोट चालू असते आणि प्रोपेलरचा रेटा इंजिनावर असतो म्हणून जोर जास्त लागतो, त्याच्या वर टिल्टचा एकटा रॉड इंजिन उचलून पाण्याबाहेर काढतो. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते बघून घ्या, पुढे लागेल.

आता तक्रार कुठली आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. तेल बाहेर गळतंय का, तेल बाहेर न येता आतल्या आत निसटतंय का, की मुळात गळती नाहीच आणि दुखणं विजेचं आहे, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. विजेचं पटकन उरकून टाकतो. बटण दाबल्यावर नुसतं टिक असा आवाज येऊन मोटर फिरतच नसेल तर रिले (बटणावरून मोटरला वीज जोडणारा स्विच), बॅटरी किंवा गंजलेली वायर बघा, त्यात तेलाचा काही दोष नाही. मोटर जड, दमल्यासारखी फिरत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय किंवा मोटरमध्ये पाणी शिरलंय. मल्टिमीटर बॅटरीवर नको, मोटरच्या वायरवर आणि बटण दाबलेलं असताना लावा, कारण बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसलं तरी गंजलेल्या जोडातून पुढे ९ च पोचत असतात. बहुतेक इंजिनांत निळी वायर वर करायची आणि हिरवी खाली करायची. उलट मोटर हलकी, सूंऽऽ करून पळत्येय आणि इंजिन हलत नाही, तर पंपाला ढकलायला तेलच मिळत नाहीये, म्हणजे तेल कमी, किंवा हवा शिरली, किंवा मॅन्युअल व्हॉल्व उघडा राहिलाय, किंवा मोटर आणि पंपाच्या मधलं कपलिंग तुटलंय.

हा मॅन्युअल व्हॉल्व म्हणजे काय ते सांगतो, कारण अर्धी भांडणं इथेच मिटतात. क्लँप ब्रॅकेटच्या बाजूला एक भोक असतं, त्यातून आत चपटा स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असलेला स्क्रू दिसतो. बॅटरी मेली तर इंजिन हाताने वर-खाली करता यावं म्हणून तो दिलेला असतो, ढिला केला की वरची आणि खालची खोली टाकीला जोडल्या जातात आणि तेल मोकळं फिरतं. पावसाळ्यात बोट वर ओढताना कोणीतरी तो ढिला करतो आणि परत आवळायचा राहून जातो, मग ऑक्टोबरात इंजिन खाली बसतंय म्हणून बोंब. सगळ्यात आधी तो घट्ट आहे का बघा. पण बेताने आवळा, जोर काढून आवळलात तर टोक किंवा त्याची बैठक खराब होते आणि मग खरोखरची गळती सुरू होते.

पुढे काही करण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिनाखाली, ब्रॅकेटच्या फटीत हात घालायचा असेल तर इंजिन पूर्ण वर करा, त्याला वर अडकवून ठेवणारा टिल्टचा लॉक लावा, आणि वरून दोरी किंवा चेनब्लॉकनेही धरा. ज्या तेलावर संशय आहे त्याच तेलाच्या भरवशावर बोटं घालायची नाहीत. आणि इंजिन खाली असताना टाकीचं बूच कधीच उघडायचं नाही, तेल पिचकारीसारखं उडतं.

आता तेल बघा. इंजिन पूर्ण वर, लॉक लावलेला, बुचाच्या आजूबाजूची रेती-मीठ गोड्या पाण्याने धुवून पुसून काढलेली, मग बूच हळू उघडा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत दिसायला पाहिजे. कुठलं तेल घालायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, यामाहा, सुझुकी, होंडा यांच्या बऱ्याच मॉडेलांना डेक्स्रॉन प्रकारचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचं तेल, चालतं, ते लाल आणि पातळ असतं, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं तेल आहे. घरात आहे म्हणून ब्रेक ऑइल घालू नका, त्याने रबराची सीलं फुगतात आणि मग सगळंच संपतं. तेलाचा रंग खूप काही सांगतो. लाल आणि स्वच्छ असेल तर बरं. गुलाबीसर, दुधट झालं असेल तर आत पाणी शिरलंय, ते बुचाच्या ओ-रिंगमधून किंवा रॉडच्या सीलमधून येतं. फेस दिसत असेल तर हवा आहे, असं इंजिन वर जाताना झटके खात जातं. आणि तेल दोन बोटांत चोळल्यावर चकचकीत धातूची पूड लागली तर पंप आतून झिजतोय, तिथे मात्र सील किटने भागणार नाही.

तेल कमी निघालं तर ते कुठेतरी बाहेर गेलंय, बंद यंत्रातलं तेल वाफ होऊन जात नाही. बाहेरची गळती शोधायला सोपी, फक्त धीर पाहिजे. सगळं युनिट साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, पांढऱ्या फडक्याने कोरडं पुसा, तेल बरोबर भरा, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. मग पांढरं फडकं घेऊन एकेका जागेवर टेकवत जा, रॉड जिथे सिलिंडरमध्ये शिरतो तिथे, सिलिंडरच्या टोपणाच्या बाहेरच्या कडेला, दोन्ही ट्रिम रॉडांपाशी, टाकीच्या बुचाशी, मोटर आणि पंपाच्या सांध्याला, मॅन्युअल व्हॉल्वच्या भोकात. जिथे लाल डाग पडतो ती जागा. एका वेळेला नाही पडला तर रात्रभर ठेवा आणि सकाळी परत बघा. तेल नेहमी खाली ओघळतं म्हणून सगळ्यात खालचा थेंब बघून निकाल देऊ नका, ओल वर कुठे सुरू होते ते शोधा.

आणि इथे एक गफलत फार होते. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचा सिलिंडर बरोबर वरच, इंजिन ज्या नळीवर वर-खाली फिरतं त्या टिल्ट ट्यूबपाशी बसलेला असतो, त्याचं सील गळलं की तेल ब्रॅकेटवरून वाहत टिल्ट युनिटवर येतं आणि खापर टिल्टवर फुटतं. स्टिअरिंगच्या हेल्मपंपातलं, म्हणजे व्हीलमागच्या पंपातलं, तेल उतरलंय का बघा आणि व्हील फिरवताना ढिलं, पोकळ लागतंय का बघा, तेवढ्याने कळतं. पाण्यावर तवंग दिसला तरी तेच, तो पेट्रोलचा असू शकतो किंवा गिअरकेसचं, म्हणजे प्रोपेलरपाशी असलेल्या गिअरच्या पेटीचं, तेल असू शकतं, गिअर ऑइल जाड असतं आणि त्याचा उग्र वास लगेच ओळखू येतो.

रॉडच्या सीलमधून गळत असेल तर नवीन सील घालण्याआधी रॉड नीट बघा. पूर्ण बाहेर काढलेल्या रॉडवरून नख हळूच फिरवा, सगळ्या बाजूंनी. नख कुठे अडकलं तर तिथे खड्डा किंवा ओरखडा आहे, आणि तो खड्डा नव्या सीललाही कापणारच, मग रॉड बदलणं आलं. आपल्याकडे मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्यात नांगरलेल्या बोटींना हे जास्त होतं, कारण उघड्या रॉडवर ते पांढरे खडबडीत बार्नॅकल बसतात, आणि इंजिन खाली घेतलं की हे कडक कवच थेट सीलवर घासतं. ते पातीने किंवा सँडपेपरने खरवडू नका. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून रॉडला गुंडाळून ठेवा, आपलं नारळाच्या सुरेचं व्हिनेगरसुद्धा चालतं, कवच चुन्याचं असतं म्हणून ते मऊ पडतं, मग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने निघतं, नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा म्हणजे आजूबाजूच्या अॅल्युमिनियमला त्रास नको.

आता खरा गुंता, तेल पूर्ण भरलेलं आहे, बाहेर एक थेंब नाही, तरी इंजिन खाली बसतंय. ही आतली गळती. आधी मोजा, नुसतं वाटतंय म्हणून चालणार नाही. इंजिन लॉक न लावता वरच्या भागात आणा, खाली कोणी नाही आणि कोणी येणार नाही याची खात्री करा, रॉडच्या उघड्या भागाची लांबी पट्टीने मोजा किंवा त्यावर मास्किंग टेप चिकटवून सिलिंडरच्या तोंडापाशी खूण करा, वेळ लिहून ठेवा. तासाने बघा, मग सकाळी बघा. भर उन्हात वर केलेलं इंजिन रात्री थंड झाल्यावर एक-दोन मिलिमीटर उतरलं तर ती गळती नाही, तेल थंड झालं की आकसतं. पण रॉड बोट-दोन बोटं आत गेला किंवा तासाभरात फरक दिसायला लागला तर आत वाट आहे. गरम झाल्यावर तेल आणखी पातळ होतं म्हणून काही इंजिनं सकाळी टिकतात आणि दुपारी बसतात, ही सुद्धा आतल्या गळतीचीच खूण.

इथे बहुतेक लोक म्हणतात पिस्टनचं सील गेलं, आणि इथेच मला थांबवावंसं वाटतं. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या खाली तेल आहे, वरही तेल आहे, आणि वरच्या खोलीतून रॉड बाहेर जातो. समजा पिस्टनचं सील फाटलं, तर खालचं तेल वर जाईल हे खरं, पण इंजिन खाली बसायचं तर रॉड सिलिंडरच्या आत यायला पाहिजे, आणि तो रॉड स्वतः जागा घेतो. काठोकाठ भरलेल्या कळशीत हात घातला तर पाणी बाहेर सांडलंच पाहिजे, तसं रॉड आत यायचा तर तेवढं तेल सिलिंडर सोडून टाकीत परत जायलाच पाहिजे. दोन्हीकडचे व्हॉल्व पक्के असतील तर ते जाणार कुठून? म्हणजे फक्त पिस्टनचं सील गेल्याने इंजिन रात्रीत पूर्ण खाली बसणं अवघड आहे. सील गेलं की एवढं मात्र होतं, इंजिनाचं वजन रॉडच्या जाडीएवढ्याच भागावर येतं, आतलं प्रेशर चढतं, आणि आधीच कमकुवत झालेला व्हॉल्व मग दम सोडतो. म्हणून व्हॉल्व आधी, सिलिंडर नंतर. व्हॉल्व स्वस्त आहे, पटकन हाताला लागतो, आणि दोषी असायची शक्यता जास्त आहे.

व्हॉल्वमध्ये पहिला नंबर परत त्या मॅन्युअल व्हॉल्वचा. इंजिन पूर्ण वर, लॉक आणि चेनब्लॉक दोन्ही लावलेले, व्हॉल्व हळू ढिला करून प्रेशर उतरू द्या, मग बाहेर काढा. काहींत आधी एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसलेली स्प्रिंगची कडी, काढावी लागते. काढायच्या आधी आजूबाजूचा कोपरान् कोपरा धुवून घ्या, एक रेतीचा कण आत गेला तर दुखणं दुप्पट होईल. बाहेर आलेला व्हॉल्व उजेडात धरून बघा. ओ-रिंग चांगली असते तेव्हा गोल आणि टचटचीत लागते, जुनी झालेली चपटी दिसते, कधी एका जागी चिमटीएवढा तुकडा गेलेला असतो, नखाने दाबली तर खड्डा तसाच राहतो. टोकावर, जिथे तो आत टेकतो तिथे, गोल चकचकीत रेघ सगळीकडे सारखी आहे का बघा, एका बाजूला तुटक असेल तर तो नीट बसतच नव्हता. ओ-रिंग पार्ट नंबर बघून त्याच मापाची घ्या, प्लंबिंगच्या दुकानातली साधारण तशीच दिसते म्हणून घालू नका. तेलाचा हलका हात लावून बसवा, तेल भरा, आणि मापाची टेस्ट परत करा. बऱ्याच इंजिनांची गोष्ट इथेच संपते.

नाही संपली तर पंपाच्या ब्लॉकमधले चेक व्हॉल्व. त्यात बारीक गोळी आणि स्प्रिंग असते, गोळीखाली रंगाचा पापुद्रा, रबराचा धागा काही अडकलं की ती पूर्ण मिटत नाही. यासाठी युनिट उतरवावं लागतं आणि स्वच्छ टेबल पाहिजे, वाळूवर बसून हे काम होत नाही. चांगल्या मेकॅनिककडे प्रेशर गेज असतं, ते जोडून तो वर आणि खाली दोन्ही बाजूंचं प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्याशी पडताळतो आणि बटण सोडल्यावर काटा किती टिकतो बघतो. युनिट बदला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, गेज लावून बघितलंत का.

आतल्या गळतीचं दुसरं रूप उलटं आहे आणि जास्त धोक्याचं. रिव्हर्स मारला की इंजिन आपोआप वर उचलतं. रिव्हर्समध्ये प्रोपेलर इंजिनाला मागे ओढतो आणि त्याला खाली धरून ठेवायचं काम वरच्या खोलीतलं तेल करतं, ते निसटलं तर जेट्टीला लागताना ब्रेकच लागत नाही, आणि बोटीत लाइफ जॅकेट घातलेली पोरं असतात. जमिनीवर तपासायचं असेल तर इंजिन पूर्ण खाली घ्या, मॅन्युअल व्हॉल्व बंद, आणि खालचा भाग हाताने वर उचलून बघा, थोडी खडखड चालेल पण सावकाश वर येत राहिलं तर त्या बाजूची गळती पक्की. इथेही मॅन्युअल व्हॉल्व आणि वरच्या खोलीचा चेक व्हॉल्व संशयित, पण एक तिसराही आहे, पिस्टनमधलेच शॉक व्हॉल्व. शापोऱ्याच्या किंवा साळच्या मुखावर रेतीच्या पट्ट्याला इंजिन आपटलं तर ते तुटू नये, झटक्यात वर उडावं म्हणून हे व्हॉल्व क्षणभर उघडतात. आपटल्यानंतर त्यात कचरा अडकला की ते पूर्ण मिटत नाहीत. म्हणून तक्रार कधी सुरू झाली ते आठवा, जोरात आपटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून असेल तर सिलिंडर उघडण्यात अर्थ आहे.

कुठलंही काम झालं की हवा काढावी लागते. मॅन्युअल व्हॉल्व बंद करून इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली करा, पाच मिनिटं थांबा, वर करून लॉक लावून तेल बघा, कमी असेल तर भरा, झटके आणि फेस जाईपर्यंत हेच. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, नदीत ओतू नका, ओहोटीला त्याच काठावर बाया तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले काढतात.

नांगरून ठेवताना इंजिन वर करून लॉक लावलात की तिथेच थांबू नका. ट्रिम रॉडवालं इंजिन असेल तर लॉकवर वजन टेकल्यावर बटण खाली दाबा, ट्रिम रॉड आत जातात आणि त्यांच्यावर बार्नॅकल बसत नाहीत. हा लॉक उभ्या बोटीसाठी आहे, ट्रेलरवरून नेताना त्याच्यावर इंजिन टांगून नेऊ नका. जून-जुलैत बोट जमिनीवर असेल तर इंजिन धुवून, खाली घेऊन सरळ उभं ठेवा, सगळे रॉड सिलिंडरच्या आत तेलात राहतात. ब्रॅकेटवरचा अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा, अर्धा झिजला की बदला, नाहीतर मीठ सिलिंडरच्या टोपणाचे आटे खायला लागतं आणि मग ते टोपण दोन पिनांच्या पान्यानेही फिरत नाही.

सील किट मागवताना नुसतं ११५ एचपी सांगून भागत नाही, एकाच एचपीच्या इंजिनात वर्षागणिक टिल्टचं युनिट वेगळं येतं. क्लँप ब्रॅकेटवरच्या प्लेटचा मॉडेल आणि सीरियल नंबर वाचता येईल असा फोटो काढा, टिल्ट युनिटचा समोरून एक फोटो काढा, एक रॉड आहे की तीन ते लिहा, आणि दुकानदाराला हे सगळं एकदम पाठवा.